‘कालपर्यंत ठणठणीत होती!’

तुळशीचं लग्न लागून आठवडाही झाला नव्हता. पारशिवनीत त्या रात्री लग्नसराईतली पहिली मोठी वरात निघाली होती. बँड वाजत होता, पोरं नाचत होती, नवरदेव पांढऱ्या घोडीवर. चौकातल्या वळणावर घोडी थांबली. तिनं मान खाली घातली, पुढचे दोन्ही पाय गुडघ्यात दुमडले आणि ती एका कुशीवर कलंडली. नवरदेवाला लोकांनी वरच्यावर झेललं. लगाम धरून चालणारा घोडीचा मालक मात्र हातावर आपटला आणि त्याचं मनगट मोडलं. अर्ध्या तासानं तो आमच्या सरकारी रुग्णालयात माझ्यासमोर बसला होता.

सुजलेलं, वाकडं झालेलं मनगट दुसऱ्या हातात धरून तो म्हणाला, “माया हाताचं राहू द्या साहेब. घोडीले काय झालं ते सांगा न. कालपरेंत एकदम ठणठणीत होती.”

मी माणसांचा डॉक्टर. घोड्याच्या अंगाला मी आयुष्यात दोन-तीनदाच हात लावला असेल, तोही लग्नातच. पण ‘कालपर्यंत ठणठणीत होती’ हे वाक्य मी सरकारी नोकरीच्या सगळ्या वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की ते कानावर पडलं की माझे प्रश्न आपोआप सुरू होतात. हे वाक्य कुणी खोटं म्हणून बोलत नाही. पण ते पूर्णही नसतं. बेशुद्ध होऊन पडलेल्या माणसाच्या घरच्यांना थोडं खोदून विचारलं, की ‘आठवडाभर जिना चढताना मध्येच थांबायचे’, ‘संडासला काळं होत होतं, पण मूळव्याध असेल वाटलं’, ‘रक्तदाबाची गोळी नवीन चालू केली होती’, असं काहीतरी निघतंच. अचानक पडतो तो माणूस. आजार बहुतेक वेळा अगोदरच आलेला असतो.

घोड्याच्या बाबतीत हे जास्तच खरं आहे. घोडा हा शिकार होणारा प्राणी. कळपात जो लंगडतो, मागे पडतो, तो वाघाच्या वाट्याला जातो. त्यामुळे अशक्तपणा लपवायची सवय त्याच्या रक्तातच आहे. मालकाला तो ठणठणीत दिसतो, कारण तसं दिसणं हे त्याचं हजारो पिढ्यांचं काम आहे.

मनगट जागेवर बसवून प्लास्टर घालेपर्यंत मी त्याच्याकडून जमेल तेवढं काढून घेतलं. पडल्यावर घोडीनं पाय झाडले नाहीत, तोंडाला फेस नव्हता, डोळे उघडे होते. दहा मिनिटांनी ती आपणहून उठली, बादलीभर पाणी प्यायली आणि चालत घरी गेली. वय आठ-नऊ वर्षं. सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली, कर्ज काढून. हंगामातल्या वराती हेच घरातलं मुख्य उत्पन्न. तो पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, शनिवारच्या लग्नाला न्यावी की नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमचा मला फोन आला. त्यांना मालकाच्या मनगटाची चौकशी करायची होती आणि मला त्यांच्या पेशंटची. त्या दिवसापासून पुढचे काही आठवडे आम्ही दोघांनी एकमेकांना बरंच शिकवलं. बहुतेक वेळा त्यांनी मला.

त्यांचा पहिला प्रश्न माझ्याच पुस्तकातला निघाला: घोडी पडली तेव्हा ती काय करत होती? उभी होती, चालत होती की धावत होती?

उभ्या उभ्या पडणाऱ्या घोड्यांचं एक कारण मला नवीन होतं, आणि वरातीच्या घोड्यांच्या बाबतीत ते प्रत्येकानं समजून घ्यावं असं आहे. घोडा उभ्यानं झोपतो हे आपण शाळेत शिकलो. ते अर्धंच खरं आहे. त्याच्या पायांतल्या स्नायुबंधांची रचना अशी असते की सांधे जणू कुलूप लावल्यासारखे अडकतात आणि फारसा जोर न लावता तो उभ्यानं डुलकी घेऊ शकतो. पण गाढ झोपेचा जो टप्पा असतो, ज्यात आपले डोळे पापण्यांखाली हलतात, स्वप्नं पडतात आणि अंगातले स्नायू पार सैल पडतात, तो उभ्यानं घेता येत नाही. त्यासाठी घोड्याला आडवं व्हावंच लागतं. दिवसभरातून अर्धा ते एक तास एवढीच ही झोप त्याला लागते, पण ती लागतेच. जागा अपुरी असेल, दोर आखूड असेल, जमीन ओली किंवा टणक असेल, सांधे दुखत असतील, किंवा आजूबाजूला भीती वाटण्यासारखं काही असेल, तर घोडा आडवा होत नाही. काही दिवस तो तसाच काढतो. मग एखाद्या दुपारी उभ्या उभ्या डोळा लागतो, झोप त्या खोल टप्प्यात शिरते, पायांतला जोर जातो आणि तो गुडघ्यांवर कोसळतो. पडता पडता दचकून जागा होतो आणि काही झालंच नाही असा उभा राहतो. अशा घोड्याच्या पुढच्या पायांवर, खुरांच्या वरच्या सांध्यांवर समोरच्या बाजूनं जुन्या-नव्या खरचटल्याच्या खुणा असतात. मालकाला वाटतं फिट आली. खरं तर त्याला झोप आलेली असते.

लग्नाच्या हंगामात रात्री बारापर्यंत डीजेसमोर उभं राहायचं, मग टेम्पोतून दुसऱ्या गावी जायचं आणि पहाटे कुठल्यातरी मंगल कार्यालयामागे हातभर दोरानं बांधून घ्यायचं, हा ज्या जनावराचा दिनक्रम, ते झोपणार कधी? आमच्याकडे रात्रपाळी करून मोटारसायकलवर झोपलेले कामगार अपघात विभागात येतात. फरक एवढाच की त्यांना सांगता येतं.

पण ही घोडी उभी असताना पडली नव्हती. ती चालत होती, थांबली, मग पडली. तिच्या पायांवर जुन्या खुणाही नव्हत्या.

चालता-धावता पडणाऱ्या घोड्यात माझं मन अर्थातच हृदयाकडे गेलं. मध्यम बांध्याच्या घोड्याचं हृदय साधारण चार किलोचं असतं. विश्रांतीत ते मिनिटाला ३० ते ४० वेळा पडतं आणि भरधाव वेगात २२० च्या पुढे जातं. एवढी झेप माणसाच्या हृदयाला कधीच घेता येत नाही. गंमत अशी, की अनेक तंदुरुस्त घोड्यांचं हृदय विश्रांतीत अधूनमधून एखादा ठोका गाळतं. माणसात असा कार्डिओग्राम दिसला तर मी त्याला नागपूरला पाठवीन. घोड्यात ते निरोगीपणाचं लक्षण, धावायला लागला की आपोआप नाहीसं होणारं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल बिघडणं मात्र घोड्यातही आजारच. शर्यतीच्या घोड्यात महाधमनी किंवा दुसरी मोठी रक्तवाहिनी फुटूनही क्षणात मृत्यू येतो. २०११ साली अनेक देशांमधल्या शर्यतीच्या २६८ घोड्यांच्या अचानक मृत्यूंचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. शवविच्छेदन करूनही पाचातल्या एकाहून थोड्या जास्त घोड्यांत कारण सापडलं नाही. निम्म्यांत पक्कं सांगता आलं, उरलेल्यांत अंदाज. माणसांमध्ये तरुण खेळाडू मैदानात कोसळतो तेव्हाही आमची गत फार वेगळी नसते.

विषबाधेचा विचार मॅडमनी माझ्याआधी केला होता. त्यांनी घोडीचा तोबरा आणि गोठ्याच्या आसपासची झाडं बघून घेतली होती. आपल्याकडे महामार्गांच्या दुभाजकांवर ओळीनं लावलेली कण्हेर घोड्याला अतिशय घातक असते. थोडी पानं पोटात गेली तरी हृदयाचा ताल बिघडून जनावर मरू शकतं. कण्हेरीच्या विषबाधेची माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या हृदयाचे ठोके पन्नास-चाळीस-तीस असे उतरत जाताना मॉनिटरसमोर बसून राहणं हा अनुभव कुणाला येऊ नये. दुभाजकावरची छाटलेली फांदी सुकली तरी तिच्यातलं विष जात नाही, हे गुराख्यांना माहीत असतं, छाटणी करणाऱ्यांना नसतं.

दुसरं विष विदर्भाच्या खास ओळखीचं: लाखोळी. भंडारा-गोंदियापासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत धानाच्या बांधीत, धान कापणीला येण्याआधीच ओलाव्यावर ही डाळ पेरतात. तिच्यातल्या एका घटकामुळे, ती दीर्घकाळ भरपूर खाल्ली तर, माणसाच्या पायांत कायमचा ताठरपणा येतो. म्हणूनच १९६१ साली देशात तिच्या विक्रीवर बंदी आली. तिच्यावर अजून वाद चालू आहेत आणि तो या लेखाचा विषय नाही. पण लाखोळी बराच काळ खाल्लेल्या घोड्यात काय होतं हे जुन्या पशुवैद्यकांनी नोंदवून ठेवलंय. उभा असताना घोडा बरा दिसतो. त्याला दौडवला की स्वरयंत्राला लकवा झाल्यासारखा गळा आवळतो, श्वासाचा मोठा घरघराट होतो आणि तो गुदमरून कोसळतो. थांबला की पुन्हा ठीक. ‘कालपर्यंत ठणठणीत’चा याहून नेमका नमुना नसेल. आपल्या घोडीला हरभरा आणि कोंडा मिळत होता, लाखोळी नव्हती.

विष औषधाच्या बाटलीतूनही येतं. एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात पोलोच्या मोठ्या सामन्याआधी एकाच संघाची २१ घोडी डोळ्यांदेखत डगमगू लागली, पडली आणि तासांच्या आत मेली. त्यांना ताकदीसाठी म्हणून जीवनसत्त्वं व खनिजांचं मिश्रण टोचलं होतं. ते तयार करताना सेलेनियमचं प्रमाण चुकलं आणि प्रमाणाबाहेर गेलेलं सेलेनियम मारक ठरलं. मी हे मालकाला सांगितलं तेव्हा त्यानं हळूच कबूल केलं, की हंगामापूर्वी त्यानंही कुणाच्या सांगण्यावरून ‘ताकदीचं’ इंजेक्शन दिलं होतं. का दिलं? तर घोडी महिनाभर जरा सुस्त वाटत होती.

बघा. ठणठणीत नव्हती.

मग पुढचं सगळं बाहेर आलं. दसऱ्याच्या आसपास तिला दोन दिवस ताप होता, आपोआप उतरला. दहा-बारा दिवसांनी परत आला, परत गेला. चारा खात होती, पण खरारा करताना हाताला फासळ्या लागायला लागल्या होत्या. पोटाखाली थोडी सूज होती, ती तंगाच्या पट्ट्यानं आली असेल असं वाटलं. मॅडमनी ओठ वर करून हिरड्या बघितल्या, तर त्या गुलाबी नव्हत्या. जवळजवळ पांढऱ्या होत्या. म्हणजे अंगात रक्तच कमी. मिरवणुकीत पाठीवर माणूस, कानात बँड, तासभर चाल, आणि तेवढी मागणी पुरवायला रक्तात लाल पेशीच नाहीत. थांबली आणि पडली.

ताप येतो-जातो, रक्त कमी, पोटाखाली सूज, पावसाळ्यानंतरचे दिवस. मॅडमनी रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. काही दिसलं नाही. त्यांनी मालकाला थर्मामीटर दिलं आणि ताप आला त्याच तासाला फोन करायला सांगितलं. चौथ्या दिवशी फोन आला. त्या दिवशीच्या थेंबात लाल पेशींना ढुशा देत सापासारखे वळवळणारे जीव होते.

या आजाराला सर्रा म्हणतात. इंग्रजी वैद्यकातही हाच शब्द आहे, आणि मोठे इंग्रजी शब्दकोश त्याचं मूळ मराठीत दाखवतात: ‘सूर’, नाकातून येणारा श्वासाचा आवाज. काहीजण तो हिंदीतल्या ‘सडा’शी जोडतात. माझं मत अर्थातच मराठीच्या बाजूनं. जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत मराठीतून गेलेले शब्द किती असतील? हा एक बहुधा आपल्या घोडेवाल्यांनी दिला.

परजीवीचं नाव ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. ग्रिफिथ इव्हान्स या वेल्श डॉक्टरच्या नावावरून ते पडलं. इव्हान्स आधी पशुवैद्य झाले आणि मग माणसांच्या वैद्यकाचीही पदवी घेतली. ब्रिटिश लष्करात असताना १८८० साली, तेव्हाच्या पंजाबातल्या डेरा इस्माइल खान इथं घोडे आणि उंट पटापट खंगून मरत होते, तेव्हा त्यांनी त्यांच्या रक्तात हे जीव पाहिले आणि ते रक्त निरोगी जनावरांना टोचून तोच आजार होतो हे दाखवलं. रक्तातला असा जीव आजाराचं कारण असू शकतो, हे तेव्हाच्या वरिष्ठांना पटेना. रक्तात कायम असणारे निरुपद्रवी पाहुणे आहेत, म्हणून त्यांनी तो शोध बाजूला सारला. लॅव्हरानला मलेरियाचा परजीवी दिसला तोही त्याच वर्षी. इव्हान्स शंभर वर्षं जगले, त्यामुळे आपलं म्हणणं खरं ठरलेलं त्यांना बघायला मिळालं.

आफ्रिकेतला झोपेचा आजार याच जातकुळीतल्या परजीवीमुळे होतो. तिथं तो त्सेत्से माशीच्या पोटात वाढतो. आपल्याकडे ती माशी नाही. सर्राच्या परजीवीला तिची गरजही उरलेली नाही. त्याला गोमाशीची नुसती सोंड पुरते. गोमाशीचा चावा इतका दुखतो की जनावर शेपटी मारतं, अंग थरथरवतं, माशी अर्ध्यावर उठते आणि सोंडेला लागलेल्या ताज्या रक्तासकट शेजारच्या जनावराला चावते. झालं. पावसाळा संपता संपता गोमाश्या वाढतात, म्हणून सर्राही तेव्हाच वाढतो. औषधाविना घोडा, उंट आणि कुत्रा यांची अवस्था वाईट होते. गाई-म्हशींत मात्र तो बऱ्याचदा चुपचाप राहतो; दूध थोडं कमी, वासरू गाभडणं, एवढंच. एकाच गोठ्यात बांधलेले बैल धष्टपुष्ट आणि घोडी खंगलेली, असं चित्र त्यामुळे दिसतं, आणि मालक म्हणतो, गोठ्यात रोग असता तर बैलांना नसता झाला?

आमचा तालुका पेंचच्या जंगलाला लागून आहे, म्हणून एक गोष्ट सांगतो. २००० सालच्या जुलैत भुवनेश्वरजवळच्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात काही दिवसांत डझनभर वाघ मेले. कारण ट्रिपॅनोसोमाच.

ताप येतो आणि जातो याचं कारण भन्नाट आहे. या परजीवीच्या अंगावर प्रथिनांचा एक जाड कोट असतो. शरीर तो कोट ओळखून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, बहुतेक परजीवी मरतात, ताप उतरतो. तेवढ्यात वाचलेल्यांपैकी काहींनी कोट बदललेला असतो. शरीराला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. उतरत्या तापात रक्त तपासलं तर काचपट्टी कोरी निघते, म्हणून मॅडमची पहिली तपासणी हुकली होती.

आता माझ्याच कामाशी संबंध असलेला भाग. मॅडमनी सर्रा म्हटलं त्या क्षणी मला घोडी विसरून चंद्रपूर आठवलं.

२००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातल्या शिवनी गावच्या एका शेतकऱ्याला पाच महिने ताप येत-जात होता. वय पंचेचाळीस. त्याच्या रक्तात मलेरियाचे नव्हे, तर वळवळणारे ट्रिपॅनोसोमा सापडले, आणि तेही जनावरांतल्या सर्राचे. असं आपल्याकडे होऊ शकत नाही, असंच तोवर सगळे मानत होते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रुग्ण जगासमोर मांडला. २००५ साली तो भारतातला असा पहिला रुग्ण म्हणून प्रसिद्ध झाला. औषध होतं सुरामिन, आफ्रिकेतल्या झोपेच्या आजारावरचं, आपल्या कुठल्याच औषध दुकानात न मिळणारं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं ते मिळालं आणि रुग्ण बरा झाला.

त्यालाच का झाला? आपल्या सगळ्यांच्या रक्तात ‘अपोएल-१’ नावाचं एक प्रथिन फिरत असतं. हा परजीवी ते गिळतो आणि ते त्याला आतून भोकं पाडतं. परजीवी फुगून फुटतो. घोड्याकडे हे प्रथिन नाही, म्हणून घोडा मरतो आणि त्याच गोमाश्या चावूनही मालकाला काही होत नाही. त्या शेतकऱ्याला आई आणि वडील दोघांकडूनही या प्रथिनाचा बिघडलेला जनुक मिळाला होता. ब्रसेल्समधल्या संशोधकांनी त्याचं रक्तद्रव घेतलं, तर त्यात परजीवी मजेत जगत होते. बाहेरून शुद्ध प्रथिन मिसळलं आणि ते मरू लागले. इतका सरळ पुरावा वैद्यकात क्वचित मिळतो. २००६ साली तो ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला, आणि सिंदेवाहीचा शेतकरी जगभरच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासात गेला.

मग गावातल्या १,८०६ जणांचं रक्त तपासलं. प्राथमिक चाचणीत ४१० जणांत या परजीवीविरुद्धची प्रतिक्रिया दिसली, अधिक काटेकोर चाचणीत ८१ जणांत. म्हणजे परजीवीशी गाठ अनेकांची पडली असावी. पण ज्यांची प्रतिक्रिया जोरात होती त्यांच्याही रक्तात प्रत्यक्ष परजीवी सापडले नाहीत. शरीरानं काम चोख केलं होतं. इथं थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण २०१५ मध्ये व्हिएतनाममध्ये एका बाईला हाच आजार झाला आणि तिचं ‘अपोएल-१’ व्यवस्थित होतं. तिला तो कच्चं मांस कापताना झाला असावा, असा तिथल्या डॉक्टरांचा कयास होता. तेव्हा दार बंद आहे खरं, पण कडी सैल आहे.

विद्यार्थी असताना मी तापाच्या रुग्णांच्या शेकडो काचपट्ट्या पाहिल्या. मलेरिया आहे की नाही, एवढंच बघायचो. बाकी काही दिसलं तर डाग नीट धुतला नसेल म्हणून पुढची पट्टी घ्यायचो. त्या पट्ट्यांत काय काय होतं कुणास ठाऊक.

हे वाचून कुणी घोड्याला घाबरू नये. घोड्याकडून माणसाला होणाऱ्या आजारांत खरी भीती ग्लँडर्सची. तो २००६ साली महाराष्ट्रात पुन्हा दिसला. नाकातून चिकट स्राव, कातडीवर फुटणाऱ्या गाठी ही त्याची लक्षणं. तो माणसाला जीवघेणा ठरू शकतो आणि त्याची खबर सरकारला देणं कायद्यानं बंधनकारक आहे. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला एका तबेल्यात डझनाहून अधिक घोडे अचानक मेले आणि पाठोपाठ त्यांना सांभाळणारा प्रशिक्षकही. त्यातून हेंड्रा नावाचा नवाच विषाणू सापडला. तो आपल्याकडे नाही. पण घोडा अचानक पडला किंवा मेला तर नाकातोंडाजवळ उघड्या हातानं जाऊ नये, मेलेल्याला पशुवैद्याला दाखवल्याशिवाय पुरू नये. सांडलेलं रक्त हाताच्या जखमेला लागू देऊ नये आणि पुढच्या पंधरा दिवसांत आपल्याला ताप आला तर आमच्यासारख्या डॉक्टरला आधी घोड्याबद्दल सांगावं. आम्ही बहुधा विचारणार नाही. आमच्या केसपेपरवर ‘घरी जनावर आहे का’ असा रकानाच नाही.

मालकानंही मला नव्हतं सांगितलं. घोडीचं रक्त काढताना त्यानंच एका हातानं तिचं तोंड धरलं होतं, आणि त्याच्या त्या हातावर पडल्याच्या ओरखड्यांच्या खपल्या होत्या. मॅडमनी फोनवर ते सांगितलं आणि मी त्याला बोलावून घेतलं. ताप नव्हता. तरी एक थेंब घेतला, दोन आठवड्यांनी पुन्हा एक. दोन्ही पट्ट्या स्वच्छ.

घोडीला क्विनापायरामीनचं इंजेक्शन दिलं गेलं. टोचलेल्या जागी मोठी गाठ आली, ती दिवसभर अस्वस्थ होती, हे अपेक्षितच होतं. औषध मेंदूपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून काही घोड्यांत परजीवी तिथं दडून राहतात आणि महिन्यांनी आजार उलटतो. तेव्हा घोडा डुलत चालतो, मागचे पाय ओढतो. हिरड्या गुलाबी व्हायला वेळ लागणार होता. शनिवारची वरात तर गेलीच, पुढच्या सगळ्या तारखांचा विसारही त्यानं परत केला. कर्जाचा हप्ता त्यानं त्या महिन्यात कसा भरला हे मी विचारलं, तर तो नुसता हसला.

पाच आठवड्यांनी प्लास्टर काढायला आला तेव्हा हात चांगला जुळला होता. घोडीच्या रक्ताचा पुढचा नमुना ताप असो वा नसो, महिन्याभरानं घ्यायचा, आणि तो नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाठवायचा असं ठरलंय. गोठ्याला आता संध्याकाळी धूर करतात, बैलांचंही रक्त मॅडमनी नेलंय. आणि दोर त्यानं लांब केलाय. रात्री घोडी आडवी होऊन झोपते, मधूनच पाय हलवते, असं तो सांगत होता. “सपनात वरातीत असन साहेब,” म्हणाला.